सहाचा निकष : लिंडल रायन यांची कामाची रीत

मंडळी, ऑस्ट्रेलियाच्या वसाहतकाळातल्या कत्तलींचा ऑनलाइन नकाशा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो उभा करणाऱ्या इतिहासकार लिंडल रायन २०२४ मध्ये गेल्या. आज त्यांच्या कामाच्या रीतीबद्दल बोलू.

त्यांचा पिंड टास्मानियाच्या इतिहासावर पोसला. १८७६ मध्ये त्रुगानिनी ही आदिवासी स्त्री वारली आणि तिथले आदिवासी संपले, ही समजूत त्यांनी १९८१ च्या पुस्तकात खोडून काढली. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर त्या आदिवासींचे वंशज नांदतच होते. २००२ मध्ये लेखक कीथ विंडशटल यांनी रायन यांच्या तळटीपा एकेक करून तपासल्या आणि बनावटीचा आरोप केला. काही संदर्भ चुकले होते, ते रायन यांनी मान्य केलं. मूळ मांडणी मात्र सोडली नाही. माझ्या मते पुढच्या नकाशाची शिस्त या वादात घडली.

कत्तल कशाला म्हणायचं? एकाच कारवाईत, बचावाचं फारसं साधन नसलेल्या किमान सहा जणांना जाणूनबुजून मारलं तर. सहाच का? एका चुलीभोवतीचा गट साधारण वीस जणांचा. त्यातले सहा गेले की तीस टक्के माणसं गेली. उरलेल्यांना शिकार, मुलं, संरक्षण काहीच धड निभावत नाही. वसाहतवाले मारले गेले तरी मोजमाप हेच.

खरी अडचण पुराव्याची. १८३८ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीकला किमान २८ आदिवासी मारले गेले आणि मारणाऱ्यांपैकी सात जण फासावर गेले. पुढे मारणारे तोंड मिटून राहू लागले. त्यामुळे कत्तलीच्या आठवड्याचं वर्तमानपत्र कोरं सापडतं, आणि हकीकत अनेक वर्षांनी एखाद्या आठवणीत किंवा खाजगी पत्रात बाहेर येते. तोवर तारीख सरकलेली, नदीचं नाव बदललेलं. एकच घटना दोनदा मोजली जायचा धोका. म्हणून पत्रं, डायऱ्या, सरकारी कागद आणि आदिवासींच्या तोंडी परंपरा समोरासमोर ठेवायच्या, आणि पुरावा किती भक्कम ते नोंदीवर ताऱ्यांनी दाखवायचं. एक तारा असलेली नोंद तीन ताऱ्यांच्या ठामपणे सांगू नये, एवढं पथ्य आपणही पाळावं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठातून २०१७ मध्ये नकाशाचा पहिला टप्पा खुला झाला. पुढे १७८८ ते १९३० हा काळ त्यात आला. आणि हो, ठिपके मुद्दाम ढोबळ जागी ठेवलेत, त्या जागांचा मान आणि सुरक्षितता राखायला. नकाशा घेऊन गाडी काढू नका.