हार्मनी डेनंतरचा एक प्रश्न

नमस्कार मंडळी.

'शाळा आणि आपली मुले' या विषयावर बोलावे, असे अध्यक्षांनी मला सुचवले, तेव्हा मी अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षा आणि गृहपाठ यांविषयी रीतसर टिपण तयार केले होते. ते आज बाजूला ठेवते. इथल्या शाळांत मार्चमध्ये वेगवेगळ्या संस्कृतींचा म्हणून साजरा होणाऱ्या हार्मनी डेनंतरच्या शनिवारी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने घरी एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझ्या मनात दुसरा विषयच येत नाही.

त्या दिवशी आमच्याकडे चार कुटुंबे जेवायला जमली होती. जेवणे आटोपल्यावर आपल्या मंडळींत जो विषय हमखास निघतो, तोच निघाला: घर कोणत्या सबर्बमध्ये घ्यावे आणि तिथे कोणत्या शाळेचा झोन लागतो, म्हणजे त्या पत्त्यावरून मुलाला कोणत्या सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. एकाने एका शाळेचे नाव घेतले. लगेच दुसरे कोणी म्हणाले, "तिथे नको, तिथे सुदानी मुले फार आहेत." दोघातिघांनी माना डोलावल्या. मुलगी कोपऱ्यात चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "त्यांचे आईबाबापण घरी बसून आपल्याबद्दल असंच बोलत असतील का?"

कोणी उत्तर दिले नाही. मग कोणीतरी चहाचे विचारले आणि विषय बदलला.

मी मेलबर्नच्या पश्चिम भागात प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हार्मनी डे मी आतून पाहते. मुले नारिंगी टी-शर्ट घालून येतात, कोणी साडी, कोणी व्हिएतनामी आओ झाय, कोणी कोरियन हानबोक नेसून-घालून मिरवते, मधल्या सुट्टीत टेबलांवर समोसे, डंपलिंग आणि बकलावा मांडला जातो. मुलांना त्यात मनापासून आनंद होतो आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण शाळांमधल्या बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या पायऱ्या मांडताना अमेरिकेतील अभ्यासक जेम्स बँक्स यांनी सण आणि थोर व्यक्ती यांची ओळख करून देणे ही पहिलीच पायरी मानली आहे. तिच्या वर बरेच काही उरते: तोच इतिहास दुसऱ्याच्या बाजूने पाहता येणे, आणि समोर अन्याय दिसला तर काही करता येणे. आमच्या व्हिक्टोरियाच्या अभ्यासक्रमातही 'इंटरकल्चरल कॅपॅबिलिटी', म्हणजे वेगळ्या संस्कृतीच्या माणसांना समजून घेण्याची क्षमता, हे शिकवण्याचे आणि तपासण्याचे रीतसर क्षेत्र आहे. ते समोशांच्या टेबलापाशी संपत नाही.

हार्मनी डेसाठी 21 मार्च हीच तारीख का, हे किती घरांत मुलांना सांगितले जाते? 1960 साली याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीय लोक पासच्या कायद्यांविरुद्ध पोलीस ठाण्यासमोर जमले होते. स्वतःच्याच देशात फिरताना सतत परवाना जवळ बाळगण्याची त्यांच्यावर सक्ती होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि 69 माणसे मारली गेली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस वंशभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला आणि ऑस्ट्रेलियात 1999 पासून तो हार्मनी डे म्हणून साजरा होऊ लागला. यंदा मी चौथीच्या मुलांना गोळीबाराच्या तपशिलात न शिरता फक्त परवान्याची गोष्ट सांगितली. पहिला प्रश्न आला, "परवाना घरी विसरला तर?" दुसरा आला, "मुलांनापण लागायचा का?" एवढ्या लहान वयात मुलांना असे काही समजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या वर्गात येऊन बसावे.

आपल्या मुलांना याच देशाचा इतिहासही कळायला हवा. 1901 च्या कायद्याने इथे गोऱ्यांखेरीज इतरांना अडवण्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती. अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवायचा, आणि माणूस इंग्रजीत पक्का निघाला तर त्याला न येणारी दुसरी भाषा काढायची. ती परीक्षा 1958 मध्ये गेली, आणि स्थलांतराच्या धोरणातून वंशाचा निकष पुरता निघाला तो 1973 मध्ये. आपण इथे सुखाने गणपती बसवतो, त्यामागे या भूमीवरील आणि बाहेरून आलेल्या अनेक लोकांनी दिलेला लढा आहे, आणि त्यातले बहुतेक लोक आपल्यापैकी नव्हते. आपल्या कार्यक्रमाच्या आरंभी इथले मूळ रहिवासी असलेल्या वुरुंजेरी लोकांच्या भूमीचा आदरपूर्वक उल्लेख होतो. तो वाचणाऱ्याला घाई असते आणि ऐकणाऱ्यांना खुर्च्या शोधायच्या असतात, हे मुले पाहतात. या खंडावर एकेकाळी अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. मराठी टिकवण्यासाठी आपण रविवारी धडपडतो, तेव्हा इथल्या भाषा गमावलेल्या लोकांचे दुःख खरे तर आपल्याला सर्वांत आधी कळायला हवे.

आणि भारतीय विद्यार्थ्यांवर इथे हल्ले होत होते, ते 2009 साल आठवा. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा इथे विद्यार्थी होते. रात्रपाळीनंतर शेवटच्या ट्रेनने परतताना डब्यात कोण कोण आहे हे बघून मग जागा धरायची, घरी फोनवर मात्र सगळे ठीक आहे असे सांगायचे. भारतीय विद्यार्थी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर रस्त्यावर बसले, तेव्हा आपले एकच म्हणणे होते: आम्हाला गट म्हणून पाहू नका, माणूस म्हणून पाहा. त्याच पिढीने आज शाळा निवडताना एखाद्या समाजाची मुले मोजावीत, याचे मला फार वाईट वाटते. मी कोणा एकाला बोल लावत नाही. चांगल्या शाळेची काळजी प्रत्येक आईबापाला असते. पण शाळेची चौकशी करताना शिक्षक कसे आहेत, वाचनालय कसे आहे, हे विचारता येते.

आमच्या शाळेतील एका दक्षिण सुदानी विद्यार्थ्याच्या आईने यंदा वर्गात किस्रा ही त्यांच्याकडची पातळ भाकरी करून दाखवली. रात्रभर आंबवलेले ज्वारीचे पातळ पीठ तिने तापलेल्या सपाट तव्यावर ओतले आणि एका पट्टीने इतक्या झरझर पसरवले की पदर जवळजवळ पारदर्शक झाला. कडा सुटल्या तशी तिने बोटांच्या टोकांनी ती अलगद उचलली. आंबूस वास वर्गभर पसरला. नातवाला न्यायला लवकर आलेल्या आपल्या एक आजी दारात उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, पिठात बोट बुडवून त्याचा दाटपणा पाहिला आणि मला म्हणाल्या, "अगं, ही तर ज्वारीची आंबोळी." पुढची दहा मिनिटे त्या दोघी, एकमेकींची भाषा येत नसताना, पीठ किती वेळ ठेवायचे याबद्दल हातवारे करून बोलत होत्या.

ज्वारी मुळात आफ्रिकेची. ती माणसाने लागवडीखाली आणल्याचे सर्वांत जुने पुरावे आजच्या पूर्व सुदानमध्ये सापडले आहेत आणि ते पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तिथून समुद्रमार्गे ती आपल्याकडे आली आणि सोलापूरकडच्या माणसाची भाकरी झाली. पुढच्या रविवारी मी हे मराठी शाळेत सांगितले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण त्यांचं जेवण जेवतो?" हो, पिढ्यान्‌पिढ्या.

म्हणून माझी मंडळाकडे एक मागणी आहे. आपल्या रविवारच्या शाळेत आपण शिवाजी महाराज शिकवतो, भोंडला शिकवतो, श्लोक पाठ करून घेतो, आणि ते चालूच राहावे. त्याबरोबर मराठी बोलणारी माणसे किती प्रकारची आहेत, हेही शिकवू या. अलिबागजवळच्या नौगावला आपला मूळ ठाव मानणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असल्याने त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे त्यांच्यात बायबलच्या कथांवर मराठी कीर्तने झाली आणि इस्राएलला गेल्यावरही त्यांनी मराठी नियतकालिक काढले. कोकणी मुसलमान आणि वसईचे ख्रिस्ती यांच्याविषयी आपल्या मुलांना काय माहीत आहे? मराठी म्हणजे फक्त आपल्या घरासारखे घर, असे ज्या मुलाला वाटते, त्याला वर्गातला सोमाली मुलगा दूरचाच वाटणार.

दीड तासात बाराखडी पुरी होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे, असे काही पालकांनी मला आधीच विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की वाचनाचा धडा कशावर तरी असतोच. तो शनवार तेल्यांवर असला तरी जोडाक्षरे तीच येतात. पुढच्या पालकसभेत मी नमुन्याचे तीन धडे घेऊन येणार आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर नक्की यावे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा विचारला, तेव्हा मी तिला म्हटले की काही जण तसे बोलत असतील, आणि काही जण नसतील. तिला ते पुरले नाही. ती नऊ वर्षांची आहे, म्हणून सगळ्यांच्या देखत विचारते. आपल्यातली पंधरा-सोळा वर्षांची मुले असे काही विचारताना मला दिसत नाहीत. जेवणे झाली की ती फोन घेऊन वरच्या खोलीत जातात. त्यांना आपले बोलणे पटू लागले आहे, की ते त्यांनी ऐकणेच सोडले आहे, हे मला ओळखता येत नाही, आणि दोन्हींची मला सारखीच भीती वाटते.