जाम रस्त्यात नाही, चौकात होतो

मंडळी, संत्र्याची गाडी घेऊन कळमन्याला जाणारे, पेशंट घेऊन मेडिकलला जाणारे तुमच्यात बरेच असतील. नागपुरात अडकलो की तोंडी एकच वाक्य येतं: रस्ता रुंद करायला पाहिजे. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा रस्ता पुरेसा असतो. गाड्या तुंबतात त्या चौकाअगोदरच्या शे-दीडशे फुटांत.

हिशेबच मांडू. सिग्नलचा दिवा सलग हिरवा राहिला तर तासाला किती गाड्या निघतील, याचं जुनं ढोबळ सूत्र आहे: रुंदीचे मीटर गुणिले 525. उत्तर कारच्या हिशेबात येतं. एक बाजू साडेसात मीटर असेल तर तासाला 3,900 च्या आसपास. पण सिग्नलच्या 90 सेकंदांच्या फेरीत हिरवा मिळतो समजा 30 सेकंद. म्हणजे फेरीला 33 गाड्या. आता थांबण्याच्या पट्ट्याजवळ सवारीसाठी एक ऑटो उभा राहिला, त्याच्या मागे चहाचा ठेला लागला. दोन मीटर गेले. उरलेल्या साडेपाच मीटरमधून 24 च सुटतात. तासाला 40 फेऱ्या, म्हणजे साडेतीनशे गाड्यांची जागा त्या ऑटोनं आणि ठेल्यानं खाल्ली. मागचा रस्ता शंभर फुटी केला तरी हा आकडा हलत नाही. रांग लांब होण्याऐवजी आडवी होते, एवढंच.

आता ठेला हटवला, ऑटोही हलवला, पण फेरीला 33 सुटतात आणि 36 येतात असं धरा. तीनच उरतात, काय बिघडलं? तासाभरात 120 उरल्या. दोन रांगा, गाडीमागे सहा मीटर, म्हणजे 360 मीटर. शहरात तेवढ्यात मागचा चौक येतो. रांगेची शेपटी त्या चौकात शिरली की आडव्या रस्त्याला हिरवा असूनही कोणी हलत नाही, मग त्यांची रांग त्यांच्या मागच्या चौकात. शाळेच्या सुट्ट्यांत रस्ते एकदम मोकळे का वाटतात, ते इथे कळतं. गाड्या अर्ध्या झालेल्या नसतात, वरच्या तीन तेवढ्या गेलेल्या असतात.

हिरवा वेळ वाढवा, असं कोणी म्हणेल. वाढवल्यानं आडव्या रस्त्याचा लाल वाढतो आणि तिकडची रांग मागच्या चौकाला भिडते. उड्डाणपुलाचंही तसंच: चौक ओलांडून सरळ जाणाऱ्याला फायदा होतो, पण पूल जिथे उतरतो तिथून जवळच सिग्नल असेल तर जामानं फक्त पत्ता बदलला.

आपल्याकडे गणित आणखी बिघडतं ते गाड्यांच्या मिश्रणानं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात मोटारसायकल अर्धी, कार एक, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बंडी, म्हणजे बैलगाडी, आठ धरली आहे. बंडी काही आठ कारएवढी जागा व्यापत नाही. तिच्या मागे जे खोळंबतात, त्यांचा तो आकडा आहे.

म्हणून कापसाच्या हंगामात तालुक्याच्या गावीही तोच प्रकार होतो. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर एका ट्रॉलीला पाच मिनिटं लागली तर तासाला 12 सुटतात. 20 आल्या तर आठ उरल्या, दहा-दहा मीटरच्या, म्हणजे दर तासाला 80 मीटर रांग. काटा गेटला लागून असेल तर ही रांग पहिल्या तासापासून हायवेवरच उभी. इथे चौपदरी रस्ता मागण्यात अर्थ नाही. काटा गेटपासून आत 200 मीटरवर न्या, अडीच तासांची रांग आतच मावते. जागा नसेल तर वेळ घातलेलं टोकन द्या, तासाला 12 पेक्षा जास्त नाही. आणि रिकाम्या ट्रॉल्यांना बाहेर पडायला दुसरं गेट ठेवा. नाही तर आत जाणारा आणि बाहेर येणारा त्याच फाटकात समोरासमोर येतात, मग काटा रिकामा असूनही त्यावर ट्रॉली चढत नाही.