दारावरचं स्टिकर

(शहापूर, बेळगाव. अरुंद बोळ. दाराची चौकट, जवळून.)

हे स्टिकर मीटर-रीडर लावून गेला. विजेच्या मीटरवरून घराची ओळख ठरली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेतल्या बाई मोबाईल घेऊन त्यामागे घरोघर फिरू लागल्या. कर्नाटक मागासवर्ग आयोगाचा सामाजिक-शैक्षणिक सर्वे. प्रश्न ६०!

(उंबऱ्यावर आजी, समोर बाई.)

धर्म, जात, पोटजात. मग मातृभाषा. आत भाकऱ्या थापणारी सून तिथूनच ओरडते, "मराठी लिवा ओ बाई, मराठी!" सगळे हसतात. कर्जाचा प्रश्न येतो तेव्हा आजी आधी शेजारच्या दाराकडे बघतात. तेवढ्यात ॲप अडकतं. बाई रेंज शोधत गच्चीवर.

(जुने नकाशे. निपाणी, खानापूरच्या पाट्या.)

सुनेची घाई उगाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमावाद मिटवायला केंद्राने नेमलेल्या १९६६ च्या महाजन आयोगापुढे गावागावांतल्या भाषेचे आकडे मांडले गेले. आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, बेळगाव शहर मात्र नाही. महाराष्ट्राने ते नाकारलं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. शिवाय १५ टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हा केंद्राचा जुना निकष. म्हणजे मराठी परिपत्रक हवं, तर आधी आकडा हवा. माहिती द्यायला सीमाभाग मागे नाही. उलट, मराठीच लिहा म्हणून आपली माणसं गल्लोगल्ली सांगत होती.

(गच्चीवर बाई. मोबाईल उंच धरलेला.)

पण माहिती घेणाऱ्यालाही पथ्यं आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्यात घरोघरची माहिती गुप्त ठेवण्याचं कलम आहे. या सर्वेत २५ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने बजावलं: माहिती देणं ऐच्छिक, ती गुप्त राहील, आणि हे लोकांना आधी सांगा. कानडीत सांगितलेलं आजींना कितपत उमगणार? २०१५ सालीही अशीच माहिती नेली होती; अहवाल सरकारच्या हाती आला २०२४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी हा फेरसर्वे ठरला.

(बाई जिना उतरतात. पुढचं दार.)

आता केंद्राची जनगणना, २०२७ ची, पहिल्यांदाच डिजिटल. जातही विचारणार. तेव्हा तरी प्रत्येक घरात मराठी कागद द्या: काय विचारलं, काय लिहून घेतलं, कोण बघणार.