बुफेला जाण्याआधी काय पाहावे?

नमस्कार. ‘ठराविक रक्कम भरा आणि हवे तितके खा’ अशी जाहिरात वाचली की आपले लक्ष आधी पदार्थांच्या संख्येकडे जाते, आणि रेस्टॉरंटवालेही तोच आकडा ठळक छापतात. माझ्या मते बुफेची खरी पारख त्या आकड्यावरून होत नाही. मांडलेले अन्न किती वेळा ताजे येते, यावरून होते.

बुफेतील झाकणाच्या स्टीलच्या भांड्यांना चेफिंग डिश म्हणतात. तिच्या तळाशी पाणी असते आणि त्याखाली जेलची छोटी बर्नर पेटलेली असते. तिचे काम अन्न गरम ठेवण्याचे असले, तरी त्या मंद आचेवर पदार्थ शिजतच राहतो. त्यामुळे पनीर चिवट होते, पालक काळपट पडतो, ग्रेव्ही कडेने सुकू लागते आणि झाकणाखाली कोंडलेल्या वाफेने कुरकुरीत भजी मऊ पडतात. म्हणून जाणते स्वयंपाकघर उथळ ट्रेमध्ये थोडेच अन्न मांडते आणि ते संपत आले की भरलेला दुसरा ट्रे आणून ठेवते. उरलेल्या भाजीवर नवी भाजी ओतत नाही. ताट हातात घेण्याआधी सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारली, तर हे सहज दिसते.

यात चवीइतकाच प्रकृतीचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार वाढेपर्यंत गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे. झाकण उचलल्यावर वाफ येत नसेल, तर तो पदार्थ मी घेत नाही. कोमट भाताबाबत तर विशेष सावध राहावे, कारण शिजवूनही टिकणारे बॅसिलस सिरियस हे जिवाणू त्यात वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

डोसा, चाट किंवा तंदुरी रोटी समोर करून देणारे काउंटर असतील, तर मी त्या बुफेला झुकते माप देतो. तिथला पदार्थ तव्यावरून किंवा तंदूरमधून थेट ताटात येतो, आणि घरी तंदूर पेटवणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमते.

दराबाबत एवढेच, की छापलेल्या रकमेत कर धरला आहे का, ते आधी विचारावे. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो, तर महागड्या हॉटेलांतील रेस्टॉरंटांत सहसा १८ टक्के, म्हणजे १,५०० रुपयांच्या बुफेवर २७० रुपये आणखी.

टेबल राखून ठेवताना फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे ट्रे भरणे किती वाजता थांबते. बुफे साडेतीनपर्यंत असला, तरी अनेक ठिकाणी शेवटच्या अर्ध्या तासात नवे ट्रे येत नाहीत. त्यामुळे पैसे तेवढेच मोजायचे असतील, तर पहिल्या तासातच पोहोचावे.