तारण आणि खंडणी

आपण रविवारी चर्चच्या उपासनेत ज्याला 'तारण' म्हणतो, तोच शब्द सोमवारी पतसंस्थेच्या पाटीवर दिसतो: 'सोनेतारण कर्ज मिळेल'. पाटीवरचं तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, आपलं तारण म्हणजे पापाच्या गहाणातून सुटणं. भाषेनं ही गंमत मुद्दाम केलेली नसावी, पण आज मला बोलायचंय ते या दोन अर्थांच्या मधल्या जागेबद्दल.

दुसरा शब्द जास्त अडचणीचा आहे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. खंडणी! आज हा शब्द ऐकला की पोलीस ठाणं आठवतं. मूळ ग्रीक शब्द आहे 'लूत्रोन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवून आणण्यासाठी मोजलेली रक्कम. मग साधा प्रश्न पडतो: ही रक्कम घेतली कोणी?

तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन म्हणाला, सैतानानं. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते सहन झालं नाही. सैतानासारख्या लुटारूनं देवाकडून देवालाच मोबदला म्हणून घ्यावं, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. पण पित्यानं पुत्राचं रक्त मागितलं, हेही त्याला पटेना. पुढे 1098च्या सुमाराला धर्मपंडित अ‍ॅन्सेल्मनं हिशेब मांडला: पापानं देवाच्या मानाचं देणं थकलं, ते माणसानं फेडायचं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. हिशेब चोख आहे. मला मात्र त्यात सावकाराच्या वहीचा वास येतो. आणि 'मला यज्ञ नको, दया हवी' हे होशेय संदेष्ट्याचं वचन येशूच्या तोंडी आहे, ते विसरून कसं चालेल?

म्हणून मी रक्कम घेणाऱ्याचा शोध सोडून देतो आणि देणाऱ्याकडे बघतो. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात नियम आहे: भाऊ कंगाल होऊन जमीन विकून बसला, तर जवळच्या नातलगानं ती सोडवायची. भावानं स्वतःलाच विकलं असेल, तर त्यालाही सोडवायचं. अशा नातलगाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात. 'माझा उद्धारक जिवंत आहे' असं जुन्या करारातला दुःखानं पोळलेला ईयोब म्हणतो, तिथेही मूळ शब्द हाच. म्हणजे उद्धारक हा आधी घरचा माणूस. शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला, हे योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो ते मी असं वाचतो: सोडवण्याआधी त्यानं नातं जोडलं.

आता जुन्या करारातल्या रूथची गोष्ट बघा. रूथ विधवा, नामी तिची सासू, आणि बवाज तिच्या सासरचा नातलग. बेथलेहेमच्या वेशीवर बवाज दहा वडीलधाऱ्यांना बसवतो. नामीचं शेत सोडवण्याचा पहिला हक्क मात्र दुसऱ्याच, जास्त जवळच्या एका नातलगाचा. शेत सोडवतोस का, विचारल्यावर तो लगेच 'हो' म्हणतो. शेताबरोबर परक्या मवाब देशातली विधवा रूथ हिलाही पत्करावं लागेल, आणि त्या शेतावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव चालवावं लागेल, हे कळताच तो मागे सरतो. का? 'माझ्या वतनाचं नुकसान होईल.' यात खोटं काही नाही. सोडवणाऱ्याला झळ बसतेच, आणि बलिदान म्हणतात ते याच झळीला. बवाज ती सोसतो. त्याच्या वंशात दावीद राजा, आणि मत्तयच्या वंशावळीत पुढे येशू.

त्या पहिल्या नातलगानं रिवाजाप्रमाणे पायातली वहाण काढून दिली. त्याचं नाव पुस्तकात कुठेच नाही. बवाज त्याला हाक मारतो तीसुद्धा 'अरे अमक्या'.