निवडला कारकून, मिळाला गव्हर्नर

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेचा सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री, हे आपण बातम्यांत ऐकतो. पण तिथल्या बहुतेक राज्यांतही याच नावाचं एक पद असतं आणि त्याचा परराष्ट्राशी काडीचाही संबंध नसतो. आज बोलायचंय ते ॲरिझोना राज्यातल्या या पदाबद्दल.

काम तसं रुक्ष. राज्याची मुद्रा सांभाळायची, नोटरी नेमायचे, ट्रेडमार्कची नोंद ठेवायची, निवडणुकांवर देखरेख करायची. राज्याच्या राजधानीत, फिनिक्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्यातल्या फ्लॅटसाठी भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करायचं असेल, तर नोटरीसमोर सही झाल्यावर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, लागतं ते याच कार्यालयाचं.

मात्र १९१२ साली राज्य झाल्यापासून ॲरिझोनाने उपगव्हर्नर हे पद ठेवलंच नव्हतं. गव्हर्नर म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री, फक्त थेट लोकांनी निवडलेला. तो वारला, सोडून गेला किंवा त्याला हाकललं, की खुर्ची सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जायची.

१९७७ मध्ये गव्हर्नर राऊल कॅस्ट्रो अर्जेंटिनात राजदूत म्हणून गेले. त्यांच्या जागी आले वेस्ली बोलिन, १९४९ पासून सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या खुर्चीत बसलेले. तब्बल अठ्ठावीस वर्षं वाट पाहून मिळालेलं गव्हर्नरपद त्यांना पाच महिनेही लाभलं नाही. मार्च १९७८ मध्ये ते वारले. त्यांच्या जुन्या खुर्चीत तेव्हा रोज मॉफर्ड होत्या. पण त्या लोकांनी निवडलेल्या नव्हत्या, बोलिन यांनीच नेमलेल्या होत्या. म्हणून त्यांना डावलून क्रमाने पुढचे, राज्याचे मुख्य कायदा अधिकारी म्हणजे ॲटर्नी जनरल ब्रूस बॅबिट गव्हर्नर झाले.

मॉफर्डबाईंनी त्याच वर्षी रीतसर निवडणूक लढवून आपलं पद राखलं. सरकारी कचेरीत साधी सेक्रेटरी म्हणून शिरलेली ही बाई. डोक्यावर पांढऱ्या केसांचा उंच घुमट, तीच त्यांची ओळख. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, गव्हर्नर इव्हान मेकम यांच्यावर महाभियोग चालला, राज्याच्या सिनेटने त्यांना दोषी ठरवलं आणि मॉफर्ड राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. मेकम रिपब्लिकन, मॉफर्ड डेमोक्रॅट. एकही मत न पडता सरकारचा पक्ष पालटला! आपल्याकडे त्यासाठी आमदारांना रिसॉर्टवर न्यावं लागतं.

१९९७ मध्ये गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी राजीनामा दिल्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेट जेन हल त्यांच्या जागी आल्या. २००९ मध्ये गव्हर्नर जॅनेट नापोलिटानो ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट जॅन ब्रूअर यांना खुर्ची मिळाली. इथेही पक्ष पालटला, या वेळी उलट्या दिशेने. पुढच्याच वर्षी ब्रूअर यांनी सही केलेला स्थलांतरितांविरुद्धचा कडक कायदा देशभर गाजला. लोकांनी या बाईंना निवडलं होतं दप्तर सांभाळायला. लोकशाहीच्या दृष्टीने मला ही व्यवस्था कायम अडचणीची वाटत आली आहे.

मतदारांना मात्र घाई नव्हती. २०१० मध्ये याच पदाला उपगव्हर्नर म्हणायचा प्रस्ताव त्यांनी फेटाळला. अखेर २०२२ मध्ये वेगळा उपगव्हर्नर मंजूर झाला. २०२६ च्या निवडणुकीपासून गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने उपगव्हर्नरपदाचा आपला जोडीदार सोबत घेऊनच उभं राहायचं, म्हणजे पुढे खुर्ची रिकामी झाली तरी पक्ष तोच राहील.

त्याच २०२२ साली सेक्रेटरी ऑफ स्टेट केटी हॉब्स गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या आणि सुमारे १७ हजार मतांनी निवडून आल्या. निवडणुकीवर देखरेख त्यांच्याच कार्यालयाची, निकालावर सहीही त्यांचीच. विरोधी उमेदवार कॅरी लेक यांनी त्यावरून रान उठवलं, कोर्टातही गेल्या, पण तिथे हरल्या. उपगव्हर्नर आला म्हणून हा पेच काही सुटत नाही. पुढच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटलाही पदावर राहूनच गव्हर्नरपद लढवता येईल.