तुम्ही कुणाचे?

(दृश्य : नाशिक, पंचवटी. वाड्याचा लाकडी जिना, त्यावर ओल्या पावलांचे ठसे. वर फडताळात बासनात बांधलेल्या वह्या.)

रामकुंडावरून निघालेली ही ओली पावलं एका जुन्या वाड्याचा जिना चढून वर येतात. वर सतरंजी अंथरलेली. भिंतीतलं फडताळ बासनांनी गच्च भरलेलं. माणसं टेकली, तांब्याभर पाणी प्यायली, की गुरुजींचा प्रश्न ठरलेला.

"गाव कोणतं? आणि तुम्ही कुणाचे?"

आज आलेलं कुटुंब बुलढाण्याकडचं. दोघे भाऊ, थोरल्याची बायको आणि सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई. भावांची आई गेली. अस्थी सकाळीच गोदावरीत सोडल्या. आता नोंद करायची आहे.

तीर्थोपाध्यायांच्या या वह्यांना नामावळी म्हणतात. त्या गावावर लावलेल्या असतात. आधी मुलूख, मग गाव, मग आडनाव. आडनाव एकच आणि घरं दहा असली तर मूळ गाव विचारायचं, तेवढ्यानेही भागलं नाही तर आजोबांचे भाऊ किती ते विचारायचं. कुळातला जो कुणी तीर्थाला येईल त्याने स्वतःचं नाव लिहायचं, बापाचं, आजोबांचं, भाऊ, चुलते, मुलंबाळं, आणि आपण कशासाठी आलो ते. मग मिती घालायची. खाली सही. ज्याला लिहिता येत नाही त्याची नोंद गुरुजी लिहितात आणि तो अंगठा उठवतो. मागे मागे जावं तसं बाळबोध संपून मोडी सुरू होते, टाकाची ओळ जाड होते, कागदाचा रंग चहासारखा होत जातो.

गुरुजींचं बोट पानावरून खाली सरकतं आणि थांबतं. "हे बघा, तुमचे आजोबा."

(दृश्य : पान, अगदी जवळून.)

ही नोंद पाहा. आधी आडवी रेघ ओढून घेतली आहे, मग एकेक अक्षर तिला लटकवलं आहे. नव्याने लिहायला शिकलेला माणूस असंच लिहितो. दोन शब्दांत जागा सोडायची राहून गेली आहे. एका ठिकाणी टाक रुतला आणि शाईचा थेंब पसरला. मजकूर एवढाच, की आईच्या अस्थी घेऊन आलो. खाली मुलांची नावं, दोन मुलगे आणि एक मुलगी.

मुलगी म्हणजे समोर बसलेल्या आत्याबाई. त्यांच्या नावात वेलांटी चुकली आहे.

"अण्णांना लिहिता येत होतं?" आत्याबाई विचारतात. घरात सगळे सांगत आले, अण्णा अंगठा करायचे.

(निवेदन नाही. आत्याबाईंचा हात पानावर.)

(दृश्य : त्रिरश्मी, पांडवलेणी. पायऱ्या, मग तिसऱ्या लेण्याचा व्हरांडा. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांवर तिरपं ऊन.)

शहराच्या दक्षिणेला, मुंबईच्या रस्त्यालगतचा हा डोंगर. इथल्या तिसऱ्या लेण्यात एका आईची नोंद आहे. सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या मागे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि दानाबरोबर हा लेख कोरून घेतला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या आज्यापणज्यांची.

दानाचा व्यवहार थोडक्यात आटोपला आहे. बाकी ओळीमागून ओळ मुलाबद्दल. शक-यवनांना त्याने कसं हरवलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी कसं प्यालं, हे सगळं आहे. शाळेच्या पुस्तकात तेवढंच येतं. मला मात्र तिचे इतर शब्द जास्त मोलाचे वाटतात. त्याचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा होता, असं ती म्हणते. लोकांना अभय देताना पाणी सोडून सोडून त्याचा हात ओला असायचा. नगरातल्या माणसांच्या सुखदुःखात तो त्यांच्यातलाच एक व्हायचा. शत्रूने अपराध केला तरी त्याचा जीव घ्यावा असं त्याला वाटत नसे. आणि तो आईची सेवा करायचा, त्यात खंड पडू देत नसे.

राजाची स्तुती करणारे भाट दरबारात कमी नसणार. पण मुलाचा हात ओला असायचा हे दगडावर उतरलं ते आईच्या लेखात. सातकर्णीचं जे रूप आज इतिहासात आहे ते फार मोठ्या अंशी या भिंतीवरून आलेलं आहे. तिने शब्द निवडले, आणि तो तसा झाला. जवळपास १९०० वर्षं तो तसाच आहे.

आणि स्वतःबद्दल? महाराजाची आई, महाराजाची आजी. तुम्ही कुणाच्या, याचं तिने दिलेलं उत्तर.

(दृश्य : नाशिकरोड. कारागृहाची बाहेरची भिंत, वरून जाणारे बगळे.)

याच शहरात एका मुलाने आईबद्दल लिहिलं. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३ला ‘श्यामची आई’ लिहायला घेतली, १३ तारखेला पहाटे संपवली. पाच दिवस. त्यांची आई कोकणातल्या पालगडची, कर्जाने गांजलेल्या घरातली, पुस्तक निघालं तेव्हा जाऊन वर्षं लोटली होती. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात ती ओळखीची आहे, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं सांगणारी.

(दृश्य : टिळकवाडी. कुसुमाग्रजांचं निवासस्थान, खिडकीजवळचं टेबल.)

आणि हे घर तर नाशिककराला दाखवावं लागत नाही. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. ही दोन्ही नावं वडीलधाऱ्यांनी दिलेली. तिसरं त्यांनी स्वतः घडवलं. भावंडांत बहीण एकच, कुसुम. तिचा अग्रज, थोरला भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या प्रत्येक फलकावर हे नाव झळकतं. त्यात एका बहिणीचं नाव आधी येतं, हे फलक रंगवणाऱ्याच्याही लक्षात येत नसेल.

(दृश्य : काळाराम मंदिराचं पूर्वेचं दार. मग मेनरोडवरच्या दुकानांच्या पाट्या.)

तुम्ही कुणाचे, हा प्रश्न दार लावण्यासाठीही विचारला गेला. वह्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर हे मंदिर. २ मार्च १९३०ला बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह सुरू केला. वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२चा. तरुणपणी मुंबईत असताना कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला आणून दिलं. वाचता येत नव्हतं. ते सांगायची वेळ आली ती फार जिव्हारी लागली. मग त्यांनी अक्षरं गिरवली, आणि रस्त्याने चालता चालता दुकानांच्या पाट्या वाचून वाचन पक्कं केलं. अशाच पाट्या. किराणा, शिलाई, भांडी. त्या पाट्यांवरून उचललेल्या अक्षरांतून पुढे हजारो गाणी आली आणि वस्त्यावस्त्यांत भीमजयंतीला गायली गेली. आपण कुणाचे हे तिथल्या माणसांनी वामनदादांच्या शब्दांत म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं.

(दृश्य : भांडीबाजार, रात्र. शटर खाली येतं.)

ज्यांनी कधी कविता लिहिली नाही त्यांच्याही तोंडात हे काम चालू असतं. हे दुकानदार दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाही आपण, वाढवतो. बांगडी फुटली तर ती वाढली. घरातून निघताना ‘जातो’ म्हणालं तर माझी आजी उंबऱ्यातून परत बोलवायची, पाण्याचा घोट घ्यायला लावायची आणि ‘येतो’ म्हणवून घेऊन मगच सोडायची. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं तिचं म्हणणं. ती गेल्याला अकरा वर्षं झाली. मी अजून ‘येतो’ म्हणूनच कडी लावतो, घरात कुणी नसलं तरी.

(दृश्य : पुन्हा पंचवटीतला वाडा. नवं पान.)

वह्यांची जुनी पानं आता कडेने तुटत आहेत, काही ठिकाणी शाई उडाली आहे, आणि पुढच्या पिढीत मोडी वाचणारे थोडे.

गुरुजी नवं पान उघडतात. थोरला भाऊ खिशातून पेन काढतो. मग काय मनात येतं कुणास ठाऊक, ते आत्याबाईंच्या हातात देतो.

"मी काय लिहू?"

"वहिनींचं लिहा," गुरुजी म्हणतात. "आणि तुम्ही कुणाच्या, ते."

आत्याबाई चष्मा पुसतात. आधी एक आडवी रेघ ओढतात. वहिनीचं नाव, तिच्या माहेरचं नाव. मग थोडं थांबून, वहिनीच्या हाताला पुरणपोळीची चव होती, असं एक वाक्य. नामावळीत अशी वाक्यं सहसा नसतात. गुरुजी काही बोलत नाहीत.

शेवटी स्वतःचं नाव. आयुष्यभर बरोबर लिहीत आलेलं. वेलांटीपाशी पेन थांबतं. आत्याबाई मागचं पान उलटून एकदा पाहतात, आणि अण्णांनी घातली होती तशीच घालतात.